नोंद उपचाराची, पुरावा गुन्ह्याचा

मद्यसेवनाची चाळणी तपासणी, म्हणजे तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पिण्याच्या सवयीविषयी ठराविक प्रश्न विचारण्याची पद्धत, वैद्यकीयदृष्ट्या का उपयोगी ठरते याचा विचार मागील लेखांकात झाला. परंतु सुरतसारख्या शहरात, जेथे परवान्याशिवाय मद्य पिणे हाच गुन्हा आहे, तेथे त्या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम गुजरातेत नाव बदलून आजही लागू असून, रक्तात 0.05 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम, किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळल्यास ते औषधासारख्या निषिद्ध नसलेल्या पदार्थातून आले हे सिद्ध करण्याचा भार कलम 66 नुसार आरोपीवर पडतो.

पोलिसांनी संशयिताला डॉक्टरांकडे कसे न्यावे, हे कलम 129अ सांगते. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर स्पिरिटचा स्पर्श होऊ नये आणि कुपी मोहोरबंद असावी, इतका तपशील 1959 च्या नियमांत आहे. ही सारी काळजी पुराव्याच्या शुद्धतेची आहे. रुग्णाने उपचारासाठी दिलेल्या माहितीचे पुढे काय व्हावे, याविषयी मात्र तेथे मौनच आढळते. याच अधिनियमाखाली महाराष्ट्रात, धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातून उद्भवलेल्या एका प्रकरणाने हे मौन उघडे पाडले. मोटार अपघातानंतर पोलिसांनी मागणी करण्यापूर्वीच तेथे रक्त घेतले गेले होते, आणि ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवले की 129अ हा मद्यसेवन सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नव्हे. वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणाला पुरावा कायद्यात संरक्षण आहे, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संभाषणाला ते नाही. त्यामुळे केसपेपरवरील एक ओळही न्यायालयात जाऊ शकते.

अमेरिकेत हाच अडसर वेगळ्या वाटेने आला. नशेत झालेल्या दुखापतीचा खर्च नाकारण्याची मुभा विमा कंपन्यांना देणारा नमुना कायदा 1947 मध्ये तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारल्यामुळे, बिल बुडू नये म्हणून रुग्णालये तपासणीच टाळू लागली. भारतीय आरोग्य विम्यातही व्यसनाच्या उपचारांना वगळणारे कलम सर्रास असते, पण सुरतेत त्याच्या आधी फौजदारी भीती उभी राहते.

या भीतीची किंमत वैद्यकीय आहे. सुरतच्या लिंबायत किंवा उधना भागातील एखाद्या खानदेशी यंत्रमाग कामगाराचा पाय मोडून तो दाखल झाला, नातेवाइकांनी ‘दारू? छे, कधीच नाही’ असे सांगितले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागून त्याला भास होऊ लागले, तर हे मद्य अचानक तुटल्याचे लक्षण आहे की डोक्यालाही मार बसला आहे, हे ठरवण्यात मोलाचा वेळ जातो. विषारी दारूच्या बाबतीत तर मेथॅनॉल काही तासांतच दृष्टी हिरावते. सुरत जिल्ह्यातील वरेली येथे 2016 मध्ये अशा दारूने माणसे दगावली होती. खरे बोलणाऱ्या रुग्णाला कायद्याने संरक्षण देऊ नये, याला बंदीच्या कट्टर समर्थकालाही सबळ कारण सापडणे कठीण आहे.

उपाय कायद्याला अपरिचित नाही. विष घेऊन आलेला रुग्णही पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाच्या गुन्ह्याला भिऊन खोटे सांगत असे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 ने त्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून खटल्यातून व शिक्षेतून वगळले. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने, उपचारादरम्यान दिलेले उत्तर आणि घेतलेले रक्त सेवनाच्या खटल्यात वापरता येणार नाही, असे पोटकलम घालण्याचा अधिकार गुजरात विधानसभेकडेच आहे.