बालाघाटाच्या कडेवरचे तुळजापूर

सोलापूरहून उत्तरेला निघालेला रस्ता तामलवाडी मागे टाकून घाट चढतो तेव्हा बालाघाटाचे पठार सुरू होते आणि त्याच्या अगदी कडेला तुळजापूर लागते. या मुलखात पाणीही वाटले गेले आहे: तेरणेचे मांजरेतून गोदावरीला जाते, बोरीचे भीमेतून कृष्णेला. अशा जागी राज्यांची हद्द डोंगरानेच आखली असेल, असे वाटणे साहजिक आहे. आल्प्समध्ये 1919 च्या तहाने हेच तत्त्व पुढे करून इटलीची हद्द ब्रेनर खिंडीपर्यंत नेली आणि जर्मन बोलणारा दक्षिण टायरॉल इटलीत गेला. तुळजापूरचा इतिहास मात्र सांगतो की हद्द तहांनी आणि महसुलाने ठरली. डोंगराला कुणी विचारले नाही. 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी हा मुलूख ज्यात होता तो नळदुर्ग जिल्हा इंग्रजांना दिला, 1860 मध्ये तो परत मिळवला. सात वर्षांत सरकार दोनदा बदलले. निजामाची हद्दही घाटमाथ्यावर नव्हती, ती खाली सोलापूरच्या सपाटीवर होती.

यावर कुणी नळदुर्गच्या किल्ल्याकडे बोट दाखवील. बोरीवर बंधारा घालून त्याच्या पोटात 1613 च्या सुमारास पाणीमहाल बांधणाऱ्या आदिलशाहीला इथे तटबंदी हवी होती, हे खरेच. पण किल्ला उभा आहे तो सोलापूर-हैदराबाद वाटेवर, आणि जिथून माणसे, माल, फौजा सतत जातात तिथेच एवढा खर्च परवडतो. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज निजामाच्या राज्यात याच वाटेने आली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला.

फौजांपेक्षा भाविकांची ये-जा अधिक बोलकी आहे. तुळजापूरच्या भवानीला कुलदैवत मानणारी घराणी महाराष्ट्राइतकीच कर्नाटकात आणि तेलंगणातही आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेतलेले आराधी कोणत्या राज्याचे, हे मंदिरात कुणी विचारत नाही. देवीच्या सीमोल्लंघनाची पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, म्हणजे जुन्या निजामी हद्दीपलीकडून. कोजागिरीला सोलापूरकर हाच घाट पायी चढतात. इथला चढ वाट अडवण्याऐवजी वाटेवरचा टप्पा झाला आहे, आणि गावाची बाजारपेठ त्यावरच जगते. म्हणूनच सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्ग लवकर पूर्ण व्हायला हवा: तुळजापूर महसुलाने छत्रपती संभाजीनगर विभागात असले, तरी त्याचे रोजचे दळणवळण पुणे विभागातल्या सोलापूरशी आहे.