कॉइलला आवरणारी आयसी

शिकागोच्या बॅली कंपनीने १९७७ साली ‘एट बॉल’ हे पिनबॉल यंत्र बाजारात आणलं आणि त्याचे २० हजारांहून अधिक नग खपले. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धावणारी पोलादी गोळी आणि गोळी टेकताच तिला लाथाडणारे बंपर, असा हा खेळ. त्याच सुमारास गुण मोजणारी फिरती रिळं गेली आणि मोटोरोलाचा ६८०० प्रोसेसर आला. बॅलीने हीच मांडणी थोड्याफार फरकाने १९८५ पर्यंत चालवली. त्यातली पुष्कळ यंत्रं अमेरिकेत आणि युरोपात घरोघरच्या तळघरांत अजून चालू आहेत. ती चालू ठेवणाऱ्यांना छळते ती सोळा पायांची एक साधी आयसी, सीए३०८१.

यंत्रातली प्रत्येक लाथ म्हणजे एक सॉलेनॉइड. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोटात लोखंडी दांडा; वीज आली की दांडा आत खेचला जातो. कॉइलवरच्या कागदावर २६-१२०० असं काही छापलेलं असतं. तार २६ गेजची, वेढे १२००, इतका सरळ हिशेब. अशा कॉइलचा रोध ११ ओहमच्या आसपास भरतो आणि तिला मिळतात ४३ व्होल्ट. म्हणजे जवळपास ४ अँपियर, १७० वॅट! क्षणभराच्या ठोशासाठी हे ठीकच आहे. पण कॉइल तशीच चालू राहिली तर आधी वास येतो, मग धूर, आणि आतलं प्लास्टिक वितळून दांडा कायमचा अडकतो.

प्रोसेसरकडून येणारा इशारा अगदी मिणमिणता असतो. त्यातून ४ अँपियरची ताकद सोडणं हे सॉलेनॉइड ड्रायव्हर बोर्डाचं काम. प्रोसेसर चार तारांवर एक आकडा पाठवतो, डीकोडर त्यातून एक वाट निवडतो, ती वाट सीए३०८१ मधून जाऊन एसई९३०२ या दणकट ट्रान्झिस्टरपर्यंत पोचते आणि तो कॉइल ओढतो. क्षणिक ठोसे मारणाऱ्या कॉइलींपैकी एका वेळी एकच निवडली जाते, त्यामुळे दोघी एकदम भडकण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. काटकसरीची आणि शहाणपणाची रचना आहे.

सीए३०८१ च्या पोटात सात एनपीएन ट्रान्झिस्टर असतात, सातांचे एमिटर एकत्र जोडलेले. नवशिक्याला वाटतं, हा ट्रान्झिस्टर चालू झाला की कॉइल चालू. प्रत्यक्षात उलट घडतं. यंत्र शांत असताना हे सगळे ट्रान्झिस्टर चालूच असतात आणि पुढच्या एसई९३०२ चा बेस ग्राउंडला दाबून धरतात. डीकोडरने निवड केली की त्या वाटेवरचा ट्रान्झिस्टर बंद होतो, बेस सुटतो, ५ व्होल्टच्या ओळीवरून रोधकातून त्याला प्रवाह मिळतो आणि कॉइल ठोसा देते. बैलाचं दावं हातात धरून उभं राहायचं आणि वेळ आली की सोडायचं, एवढीच या आयसीची नोकरी. म्हणूनच ती आतून उघडी पडली की कॉइल गप्प बसत नाही, जळते.

ही आयसी आरसीए कंपनीची. १९८६ मध्ये आरसीए जनरल इलेक्ट्रिककडे गेली, दोन वर्षांनी तिचा सेमीकंडक्टर विभाग हॅरिसकडे, १९९९ मध्ये हॅरिसच्या त्या धंद्यातून इंटरसिल उभी राहिली आणि २०१७ मध्ये तीही जपानच्या रेनेसासने घेतली. एवढ्या मालकबदलांत कमी खपाचा माल कोण जपणार? उत्पादन थांबलं. आता बाजारात जुना शिलकी माल मिळतो, भंगार बोर्डांवरून उपटलेला माल मिळतो आणि भलत्याच आयसीचा माथा घासून नवा क्रमांक छापलेला नकली मालही मिळतो. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर काळा थर सुटला तर समजावं. थर सुटला नाही म्हणून माल अस्सल ठरतो, असं मात्र नाही.

मग पहिला मोह होतो यूएलएन२००३ चा. आपल्याकडे डिप्लोमाच्या पोरांनी रिले चालवायला वापरलेली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज हाती लागणारी आयसी. सात वाटा, सोळा पाय; डोळे मिटून बसवावी असं वाटतं. बसवू नये. एक तर पायांचा क्रम वेगळा. दुसरं म्हणजे तिच्या प्रत्येक इनपुटला आत २.७ किलोओहमचा रोधक आहे. आणि खरी गोम तिसरीच. तिच्यात ट्रान्झिस्टरांच्या डार्लिंग्टन जोड्या आहेत. अशी जोडी पूर्ण चालू झाली तरी तिच्यावर एक व्होल्टच्या आसपास उरतोच, एकट्या ट्रान्झिस्टरवर त्याच्या निम्माही नाही. पुढचा एसई९३०२ स्वतः डार्लिंग्टन. तो सव्वा-दीड व्होल्टला जागा होतो. म्हणजे दाबून धरायला जेमतेम थोडी जागा उरते, आणि गरम झाल्यावर हा ट्रान्झिस्टर आणखी कमी व्होल्टला जागा होतो. रिले ओढायला हीच आयसी उत्तम. बेस दाबून ठेवायला माझं मत तिच्या विरोधात आहे.

सरळ उपाय म्हणजे आयसीच्याच मापाची छोटी पट्टी. तिच्यावर सात सुटे एनपीएन ट्रान्झिस्टर, एमएमबीटी२२२२ए सारखे. जुन्या आयसीच्या एका वाटेची मर्यादा १०० मिलिअँपियर, या ट्रान्झिस्टरची ६००. पायांचा क्रम मूळ डेटाशीटवरून जुळवायचा. सुटे ट्रान्झिस्टर आहेत, एक गेला तर एकच बदलता येतो. पुढच्या एसई९३०२ ची चिंता नको. १०० व्होल्ट आणि ८ अँपियरचा टीआयपी१०२ तिथे बिनबोभाट बसतो. टीआयपी१२० दिसायला तसाच, पण ६० व्होल्टचा, तो टाळावा.

आयसी काढताना ती वाचवायची नाही, बोर्ड वाचवायचा. आधी पाय कापावेत, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने उचलावा, शेवटी भोकांतला डाख शोषून घ्यावा. जागी चांगल्या प्रतीचा सॉकेट लावावा. हात बोर्डावर आहेतच तर कनेक्टरच्या पिनांचे डाखही नव्याने भरावेत. चाळीस वर्षांच्या धक्क्यांनी तिथे केसाएवढ्या चिरा गेलेल्या असतात आणि आयसीवर उगाच आळ येतो. डिस्प्लेसाठीचे १९० व्होल्टही याच बोर्डावर तयार होतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरात भार उरतो, तेव्हा मोजल्याशिवाय बोट लावू नये.

बोर्ड यंत्रात चढवण्याआधी प्रत्येक कॉइलचा रोध मोजावा. दोन-अडीच ओहम दाखवणारी बंपरची कॉइल आतून जळलेली असते आणि नवा ट्रान्झिस्टरही तीच खाते. कॉइलवरचा डायोडही पाहावा. तो तुटलेला असेल तर कॉइल बंद होताना उसळणारा दाब थेट ट्रान्झिस्टरवर येतो. उलटा बसवला असेल तर पहिल्याच ठोशाला शॉर्ट. मग सॉलेनॉइडचा फ्यूज काढून यंत्र चालू करावं आणि टीआयपी१०२ चे बेस मोजावेत. शांत अवस्थेत सगळे अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. एखादा वर चढलेला असेल तर फ्यूज लावायची घाई नको. सगळे खाली असले की फ्यूज लावून नाण्यांच्या दारामागचं स्व-चाचणीचं बटण दाबावं. यंत्र एकेक कॉइल क्रमाने ठोकतं आणि तिचा क्रमांक डिस्प्लेवर दाखवतं. क्रमांक एक आणि ठोसा भलतीकडेच, असं झालं तर पट्टीवरच्या पायांची जोडणी पुन्हा तपासावी.