कोळसा, पोलाद आणि युरोपचें ऐक्य

नकाशाच्या वहींत फ्रान्स व जर्मनी यांच्यामधील सीमा आमचे विद्यार्थी एका रेघेंत काढून मोकळे होतात. ती रेघ किती वेळां पुसली गेली हें मात्र इतिहासाच्या तासालाच कळतें. १८७१ सालीं आल्सेस व लॉरेनचा एक भाग जर्मनीनें घेतला. १९१८ सालीं तो फ्रान्सकडे परत आला. १९४० सालीं पुन्हां जर्मनीच्या ताब्यांत गेला व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हां फ्रान्सचा झाला. म्हणजे १८७० सालीं त्या प्रांतांत जन्मलेला एखादा मनुष्य पंचाहत्तर वर्षें जगला असेल, तर आपल्या घराचा उंबरठा न सोडतां त्यानें चार वेळां राज्य बदललेलें पाहिलें! आज त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस एकच नाणें चालतें. हा पालट कशानें घडला, आणि त्याची कारणें शोधितांना विद्वानांनीं कसकसे तर्क लढविले, हें आमच्या वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

या वैराच्या मुळाशीं अभिमान होता, तसा कोळसाहि होता. पोलाद करावयाचें तर लोखंडाचें खनिज पाहिजे आणि तें वितळविण्यास उत्तम कोक पाहिजे. लॉरेनमध्यें खनिज विपुल. परंतु कोकाला योग्य असा कोळसा जर्मनीच्या रूर प्रांतांत. एकाच्या घरीं धातु, दुसऱ्याच्या घरीं विस्तव. तोफा व रणगाडे तर पोलादाचेच व्हावयाचे. तेव्हां शेजाऱ्याची भट्टी पेटली कीं दुसऱ्याच्या पोटांत भीतीचा गोळा उठे. १९२३ सालीं युद्धदंडाचा भरणा होत नाहीं म्हणून फ्रान्स व बेल्जम यांनीं रूरमध्यें सैन्य घातलें. त्यांतून कोळसा थोडा व द्वेष फार निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. त्या वेळीं झां मोने या गृहस्थांनीं एक निराळी योजना आंखिली. हे कोन्याक गांवच्या एका व्यापाऱ्याचे पुत्र. विश्वविद्यालयाचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. ती योजना ९ मे १९५० रोजीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनीं पॅरिस येथें जाहीर केली. शूमान स्वतः त्या सीमेचेच लेंकरूं म्हणावयाचे. जन्म लक्झेंबुर्गचा, शिक्षण जर्मन विद्यापीठांत, पहिलें महायुद्ध संपेपर्यंत जर्मन प्रजाजन, आणि पुढें फ्रेंच लोकसभेचे सभासद. १९४० सालीं नाझी पोलिसांनीं त्यांस पकडिलें. १९४२ सालीं ते निसटले. अशा मनुष्यानें जर्मनीपुढें हात करावा, यांत मुत्सद्देगिरीखेरीज आणखीहि कांहीं असलें पाहिजे. (२०२१ सालीं कॅथॉलिक चर्चनें त्यांच्या सद्गुणांस अधिकृत मान्यता दिली, हें आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल.)

योजना अशी, कीं दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक मंडळाच्या हातीं द्यावा आणि त्या मंडळाचे निर्णय सरकारांवरहि बंधनकारक असावे. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबुर्ग या सहा राष्ट्रांनीं १८ एप्रिल १९५१ रोजीं तसा तह केला. इंग्लंड दूर राहिलें.

आतां विद्वानांकडे वळूं. डेव्हिड मित्रानी यांनीं १९४३ सालींच असें प्रतिपादिलें होतें, कीं राष्ट्रांनीं एकदम एक राज्य करूं म्हटल्यास भांडणेंच व्हावयाचीं; त्याऐवजीं दळणवळणासारखीं एकेक कामें मिळून करावीं. पुढें अमेरिकेंतील अर्न्स्ट हास यांनीं या कोळसा-पोलाद मंडळाचाच बारकाईनें अभ्यास करून १९५८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळचे फ्रांकफुर्टचे हे गृहस्थ नाझी अमलामुळें १९३८ सालीं देश सोडून गेले होते. त्यांचें म्हणणें असें, कीं एका क्षेत्रांत ऐक्य केलें म्हणजे तें भांडें भरून वाहूं लागतें व शेजारच्या क्षेत्रांत ओघ जातो. एक उदाहरण पाहा. कोळशावरील जकात उठली. परंतु आगगाडीचें भाडें तसेंच राहिलें. लांबच्या प्रवासास दर मैलीं भाडें कमी पडतें हा रेल्वेचा नेहमींचा नियम. पण गाडीनें सीमा ओलांडली, कीं जणूं नवा प्रवास सुरू झाला असें समजून भाडें पुन्हां पहिल्या मैलापासून मोजीत! मग जकात उठून लाभ काय? तेव्हां रेल्वेच्या दरांसहि हात घालणें भाग पडलें. कोळशानें रेल्वेस ओढिलें; आणि १९५७ सालीं रोम येथें त्याच सहा राष्ट्रांनीं सर्व मालाच्या सामाईक बाजारपेठेचा तह केला.

हास यांचा तर्क खरा ठरला असें वाटूं लागलें, तोंच जनरल द गोल यांनीं १९६५ च्या उन्हाळ्यांत आपले मंत्री परिषदेंतून काढून घेतले. सुमारें सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी होती. ओघ कोठें गेला? स्वतः हास यांनीं आपल्या सिद्धांताची उणीव पुढें मोकळेपणीं मान्य केली. आपलें चुकलें असें छापून सांगणारा पंडित विरळा, म्हणून आम्हांस त्यांजविषयीं विशेष आदर वाटतो. १९९८ सालीं अँड्र्यू मोराव्चिक यांनीं उलट बाजू मांडिली. सरकारें आपापल्या व्यापारी हिताचा हिशेब करूनच सह्या करितात, त्यांना कोणी वाहून नेत नाहीं, असें ते म्हणतात. आम्हांस दोन्हींत तथ्य दिसतें; परंतु इंग्लंडनें २०१६ सालीं लोकमत घेऊन २०२० सालीं संघ सोडला, त्याचा उलगडा दोघांकडूनहि पुरतेपणीं होत नाहीं.

बाजारपेठ एक करणें म्हणजे केवळ नाकें उठविणें नव्हे. येथें एका मद्याचा उल्लेख करावा लागत आहे, याबद्दल पालकांनीं क्षमा करावी. फ्रान्समधील दिजों येथें काळ्या करंटांपासून एक गोड मद्य करितात. जर्मनींत तें विकूं देत नसत. कारण जर्मन कायद्याप्रमाणें अशा पेयांत निदान पंचवीस टक्के मद्यार्क पाहिजे, आणि यांत त्याहून कमी. सौम्य पेयानें लोकांस व्यसन सहज जडेल, असाहि युक्तिवाद जर्मन सरकारनें केला! लक्झेंबुर्गच्या न्यायालयानें १९७९ सालीं तो फेटाळला. बाटलीवर प्रमाण छापा, म्हणजे गिऱ्हाइकाचें रक्षण झालें. एका देशांत कायदेशीरपणें होणारा माल दुसऱ्यानें सबळ कारणावांचून अडवूं नये, असा दंडक त्यांतून निघाला. १९९३ च्या आरंभीं जी एकसंध बाजारपेठ सुरू झाली, तिच्या पायांत या बाटलीचा वांटा बराच आहे.

अलीकडे युरोपांत चर्चा असते ती स्पर्धाक्षमतेची. मार्च २००० मध्यें लिस्बन येथें पंधरा राष्ट्रांच्या प्रमुखांनीं ठरविलें, कीं दहा वर्षांत युरोप जगांतील सर्वांत स्पर्धाक्षम ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था व्हावी. पुढें संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचे तीन टक्के खर्च करण्याचेंहि ठरलें. २०१० साल उजाडलें तेव्हां तो खर्च दोन टक्क्यांच्या आसपासच होता. पॉल क्रुगमन यांनीं तर १९९४ सालींच या शब्दावर आक्षेप घेतला होता. दुकान बुडालें कीं बंद होतें. राष्ट्र बंद होत नाहीं. शेजारचें दुकान भरभराटलें तर आपलें गिऱ्हाईक जातें. शेजारचें राष्ट्र भरभराटलें तर आपल्या मालास गिऱ्हाईक मिळतें. लोकांचें राहणीमान मुख्यतः घरच्या उत्पादकतेवर ठरतें, शेजाऱ्यास हरविण्यावर नव्हे. हा विचार आम्हांस पटतो, तथापि त्यानें युरोपची चिंता मिटत नाहीं. कारण तिचें मूळ उत्पादकतेंतच आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें मारिओ द्रागी यांनीं सादर केलेल्या अहवालांत, अमेरिकेच्या मानानें युरोप मागें पडला तो मुख्यतः नव्या संगणकीय उद्योगांत, असें दाखविलें असून, दरसाल साडेसातशें ते आठशें अब्ज युरो जादा भांडवल घालावें असें सुचविलें आहे. एवढा पैसा सामाईक कर्जानें उभा करावा कीं प्रत्येकानें आपल्या तिजोरींतून, यावर सत्तावीस राष्ट्रांत वाद आहे.

मूळचा कोळसा-पोलादाचा तह पन्नास वर्षांचाच होता. २३ जुलै २००२ रोजीं त्याची मुदत संपली व तें मंडळ विसर्जित झालें. त्याच्या गंगाजळींत शिल्लक राहिलेल्या पैशाच्या उत्पन्नांतून आजहि कोळसा व पोलाद यांवरील संशोधनास साह्य मिळतें.