वणव्याआधी घर सावरा

फेब्रुवारी सरला की पळस्पे ते कर्नाळा पट्ट्यातले डोंगर पिवळे पडतात. विडीचे एक थोटूक किंवा राब भाजताना उडालेली ठिणगी वणव्याला पुरते. वारा असला की आग चढणीवर झपाट्याने धावते.

म्हणून आम्ही घरोघरी सांगतो, तयारी आजच करा. घराभोवतीचे वाळके गवत काढा. पेंढ्याची उडवी व सरपण भिंतीपासून लांब रचा. कौलांवरचा पालापाचोळा झाडा. पिंप भरलेले आणि गोणपाट हाताशी ठेवा. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. भांडी पुन्हा घेता येतील. पण दाखला जळाला तर पोराचा प्रवेश अडतो. म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गुरांची दावी कोण सोडणार, हेही ठरवा.

राब भाजायचाच तर वारा पडल्यावर, भोवतीचा पट्टा साफ करून भाजा. पूर्ण विझेपर्यंत हलू नका. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अग्निशमनाचा १०१ आणि वनखात्याचा १९२६ हे क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवा. आग वस्तीकडे वळली तर सामानासाठी थांबू नका. माणसे आधी, मग पेटी.