टिल्ट आणि पॉवर: दोन वेगळ्या गोष्टी

चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्ता, धान, बांबू वाहणाऱ्या पिकअपच्या चालकांत एक समज पक्का आहे: टिल्ट स्टिअरिंग असलेली गाडी वळवायला हलकी. तसे नसते. टिल्ट म्हणजे स्टिअरिंगचे चाक वर-खाली करून पक्के करण्याची सोय. हलकेपणा देते ते पॉवर स्टिअरिंग (तेलाच्या दाबाने किंवा मोटरने वळवायला मदत करणारी यंत्रणा). सायकलचे हँडल उंच केले तर हात टेकायची जागा बदलते, चाक वळवण्याची रीत नाही, तसेच हे. समज चुकतो यात नवल नाही, कारण अनेक गाड्यांत दोन्ही सोयी एकत्रच मिळतात.

सीट पुढे-मागे होते, मग टिल्ट हवेच कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण सीट सरकली की पाय आणि छाती दोन्ही सरकतात. बुटका चालक क्लचसाठी पुढे आला की चाक छातीशी येते, उंच चालकाच्या मांड्यांना ते अडते. आलापल्ली-सिरोंचा या सुमारे 100 किलोमीटरच्या जंगलवाटेवर अशा बसण्याने खांदे भरून येणारच. एअरबॅग असेल तर चाकाचा मध्य आणि छाती यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवे. खड्ड्यांनी टिल्टचा सांधा ढिला होतो, असेही म्हणतात. होऊ शकतो, मात्र चाकातला खुळखुळा बहुधा खालच्या टाय रॉडच्या झिजलेल्या टोकांचा असतो, आधी ती तपासावीत. चाकाची उंची गाडी उभी असतानाच बदलावी आणि खटका लावल्यावर चाक एकदा ओढून पाहावे.