कपाळीचा लेख आणि वकिलातीतील नोंद

आपल्याकडे घरात बाळ जन्मले की पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात. ती देवी बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी जुनी समजूत आहे. परंतु आज आपले कितीतरी आप्त दुबई, मस्कत, कुवेत येथे नोकरीनिमित्त राहतात व त्यांची मुले तेथेच जन्मतात. अशा बालकाचा एक लेख मातापित्यांनीच वेळेवर लिहवून घ्यावा लागतो. तो म्हणजे भारतीय वकिलातीतील जन्मनोंद. तिचे महत्त्व काय, ते आपण पाहू.

जन्मतः नागरिकत्व मिळण्याचे जगात दोन मुख्य मार्ग आहेत: एक भूमीचा, दुसरा रक्ताचा. कॅनडात जो जन्मला तो, थोडे अपवाद सोडल्यास, तेथील नागरिक होतो. आखाती देशांत तसे नाही. परकीयांचे मूल तेथे जन्मले व वाढले, तरी केवळ तेवढ्याने ते त्या देशाचे होत नाही. त्याचा सारा आधार मातापित्यांच्या देशावर असतो.

भारताचा नागरिकत्वाचा कायदा १९५५ साली झाला. परदेशी जन्मलेल्या मुलांसंबंधीचा नियम त्याच्या चौथ्या कलमात आहे. पूर्वी अशा मुलाचा पिता भारतीय असावा लागे. केवळ माता भारतीय असून भागत नसे. १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मातापित्यांपैकी कोणीही एक भारतीय असणे पुरेसे ठरले. आईच्या नात्याला कायद्याने बापाच्या बरोबरीचे स्थान दिले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली. त्या दिवशी वा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. ती झाल्यावाचून, आईबाप दोघेही भारतीय असले तरी, मूल भारताचे नागरिक ठरत नाही.

येथेच पुष्कळांची गफलत होते. रुग्णालयाच्या कागदावरून तेथील सरकार जन्मदाखला देते, आणि काम झाले असे घरच्यांना वाटते. वस्तुतः त्या दाखल्याने जन्म सिद्ध होतो, नागरिकत्व नव्हे. तो दाखला, मातापित्यांची पारपत्रे व त्यांच्या विवाहाचा पुरावा घेऊन वकिलातीत अर्ज करावा लागतो. मुलापाशी दुसऱ्या कोणत्याही देशाचे पारपत्र नाही, असे आईबापांना लिहून द्यावे लागते. कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. गावी परतल्यावर पंचायतीत नोंद केली, तरी तीही या नोंदीची जागा घेत नाही.

वर्ष उलटून गेले तर दार अगदीच बंद होते असे नाही. परंतु मग केंद्र सरकारची परवानगी मिळवावी लागते. तोवर मुलाला भारतीय पारपत्र कसे मिळणार? आणि पारपत्रावाचून आजीआजोबांच्या भेटीला येणेही कठीण. चार कागदांच्या आळसापायी तान्हे मूल ना इकडचे ना तिकडचे अशा अवस्थेत सापडते.

कॅनडासारख्या देशात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला पुढे आणखी एक निर्णय येतो. वकिलातीत नोंद होऊन ते भारतीय ठरले आणि त्या देशाचेही नागरिक राहिले, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने परके नागरिकत्व सोडावे लागते. न सोडल्यास भारताचे जाते.

विद्यार्थिमित्रहो, तुमचे कोणी काका, मामा वा ताई परदेशी असतील आणि त्यांच्याकडे पाळणा हलल्याची वार्ता आली, तर बाळाचे नाव काय ठेवले हे अवश्य विचारा, आणि त्याच पत्रात विचारा, “वकिलातीत नोंद केली ना?” सटवाईने काय लिहिले ते कोणाला वाचता येत नाही, हा लेख मात्र आपल्या हातचा आहे.