कॉमर्स की कॉम्प्युटर? दोन्ही एकत्र शिकायचे तर वाट कोणती

बारावीचा निकाल लागला की होळी, वसईगाव आणि नालासोपारा भागातली मुले आणि पालक आमच्याकडे फॉर्म आणि चौकशी घेऊन येतात. होळीतल्या एका मुलीने सगळ्यांच्या मनातला प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला. "दादा, मी कॉमर्सची. पण मला कॉम्प्युटर आवडतो. बी.कॉम. केलं तर कॉम्प्युटर सुटतो, बीसीए केलं तर अकाउंट्स सुटतं. दोन्ही नाही का करता येत?" शेजारी बसलेल्या वडिलांचा प्रश्न त्याहून थोडक्यात होता. "सर, स्कॉलरशिप कशाला मिळेल तेवढं सांगा."

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चुकीच्या क्रमाने पदव्या घेतल्या तर दुसऱ्या पदवीची शिष्यवृत्ती हातची जाते, आणि हे बहुतेकांना प्रवेश झाल्यावर कळते. म्हणून हा विषय आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

दोन विषय एकत्र का शिकायचे?

वाणिज्य म्हणजे पैशाचा आणि मालाचा हिशेब. माहिती प्रणाली म्हणजे तो हिशेब कुठे जन्मतो, कुठे साठवला जातो, कोणाला दिसतो, कोण बदलू शकतो आणि त्यातून निर्णयासाठी काय बाहेर काढता येते, याचा अभ्यास. नुसते प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे माहिती प्रणाली नव्हे आणि नुसते टॅली चालवणे म्हणजेही नव्हे.

होळीतले एखादे किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देते, कोणी उधारी वहीत लिहायला सांगते, घाऊक व्यापाऱ्याचे बिल येते, माल संपत आला की पुन्हा मागवावा लागतो. कॉमर्सचा विद्यार्थी इथे खरेदी, विक्री, येणे, देणे आणि नफा पाहतो. माहिती प्रणालीचा विद्यार्थी विचारतो : यूपीआयची जमा आणि दुकानाचे बिल एकमेकांशी जुळते का? एकाच गिऱ्हाइकाचे नाव तीन तऱ्हेने लिहिले तर उधारी कशी शोधायची? नोकराने बिल खोडले तर मालकाला कळेल का? दोघांचे प्रश्न एकाच दुकानाचे आहेत. ज्याला दोन्ही विचारता येतात त्याची गरज दुकानालाही असते, बँकेलाही आणि मोठ्या कंपनीलाही.

गेल्या काही वर्षांत कायद्यानेही हे दोन विषय जवळ आणले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि विक्रीचे विवरण पोर्टलवर भरणे आले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला दिलेली बिले ई-इन्व्हॉइस म्हणून नोंदवावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीचा आणि प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ऑडिट करणाऱ्याला आता जमाखर्चाबरोबर सॉफ्टवेअरही तपासावे लागते. नुसते बी.कॉम. आणि नुसते कॉम्प्युटर या दोन्हींच्या मधली जागा मोठी झाली आहे ती अशी.

वाटा कोणत्या?

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत काही विद्यापीठे वाणिज्य आणि माहिती प्रणाली या दोन पदव्या एकत्र बांधून चार वर्षांत देतात, किंवा बी.कॉम.च्या आतच माहिती प्रणाली हा मुख्य विषय घेऊ देतात. आपल्याकडे तीच गोष्ट चार वाटांनी साधता येते.

पहिली वाट, एकाच पदवीत दोन्ही. नागपूर विद्यापीठात बी.कॉम. (कॉम्प्युटर अॅप्लिकेशन) ही पदवी आहे. विदर्भातली मुले तिला बीसीसीए म्हणतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बीबीए (कॉम्प्युटर अॅप्लिकेशन) हा अभ्यासक्रम वाणिज्य विद्याशाखेखाली सुरू झाला. यांत अकाउंट्स, व्यवस्थापन, डेटाबेस, प्रोग्रॅमिंग हे विषय एकत्र येतात. नातेवाईक नागपूर, पुणे किंवा नगरकडे असतील तर ही वाट नजरेआड करू नका.

दुसरी वाट, बी.कॉम. मेजर आणि कॉम्प्युटर मायनर. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. यात मुख्य विषयासोबत मायनर असतो, दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय असतो, कौशल्याचे विषय असतात आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही असते. कागदावर पाहिले तर वाणिज्य मेजर आणि माहिती तंत्रज्ञान मायनर अशी जोडी शक्य आहे. पण धोरणात विषय आहे म्हणून आपल्या महाविद्यालयात तो असेलच असे नाही. शिक्षक आणि प्रयोगशाळा असेल तरच तो चालतो. प्रवेशापूर्वी हे विचारलेच पाहिजे.

तिसरी वाट, बीसीए किंवा बी.एस्सी. आयटी आणि सोबत अकाउंट्स. बीसीए, बीबीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा २०२४ मध्ये पहिल्यांदा झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावे बदलली, जसे बीएमएसच्या जागी बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास). त्यामुळे माहितीपत्रकातल्या नावावर जाऊ नका. सहा सत्रांची विषयांची यादी मागा आणि मग ठरवा. सीईटीचा फॉर्म बारावीचा निकाल लागण्याच्या बराच आधी भरायचा असतो, हेही लक्षात ठेवा. निकालानंतर आलेल्या पालकांना आम्हाला दरवर्षी हेच सांगावे लागते की दार बंद झाले.

चौथी वाट, एकाच वेळी दोन पदव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये याला परवानगी दिली. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही पदव्या प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात. नाहीतर एक वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ. सकाळच्या सत्रात बी.कॉम. आणि सोबत इग्नूची बीसीए, असा मेळ बसू शकतो. मात्र दूरस्थ अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतला हवा आणि आपले विद्यापीठ काय म्हणते तेही पाहावे लागते. शिवाय दोन्हीकडच्या परीक्षा एकाच महिन्यात येऊ शकतात. होळीहून वसई रोड स्टेशन आणि तिथून लोकलने दादर किंवा चर्चगेट गाठणाऱ्या मुलाने आधी आपल्या दिवसाचे तास मोजावेत. ही वाट चांगली आहे, पण घरकाम आणि अर्धवेळ नोकरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ती झेपेलच असे नाही.

खरा निर्णय अकरावीत होतो

त्या मुलीला आम्ही पहिला प्रश्न विचारला, बारावीला गणित होते का? नव्हते. अकरावी कॉमर्सला गणित की चिटणिसाची कार्यपद्धती असा पर्याय आला आणि मैत्रिणींबरोबर तिने एसपी घेतले. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी. आयटीसाठी बारावीला गणित लागते. कॉमर्सच्या मुलालाही ही पदवी खुली आहे, पण गणित असेल तरच. सोळाव्या वर्षी सहज भरलेल्या एका रकान्याने एक वाट बंद झाली होती.

म्हणून दहावीच्या पालकांना आमचे सांगणे आहे. मुलाला कॉम्प्युटरची आवड असेल आणि कॉमर्सला घालायचे असेल तर गणित व संख्याशास्त्र सोडू देऊ नका. काही कनिष्ठ महाविद्यालयांत माहिती तंत्रज्ञान हा विषयही घेता येतो, तोही विचारा. शिकवणीची गरज पडली तर पडू दे. पुढे डेटाबेस असो की कॉस्टिंग, आकड्यांची भीती असलेला विद्यार्थी दोन्हीकडे अडतो.

शिष्यवृत्तीचा नियम नीट वाचा

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप ही वेगळी योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात.

आता महत्त्वाचे. या शिष्यवृत्तीच्या नियमांत म्हटले आहे की शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्यावरचा दुसरा अभ्यासक्रम घेणाऱ्याला ती मिळत नाही. बी.ए. नंतर बी.कॉम. हे उदाहरण नियमातच दिलेले आहे. म्हणजे "आधी बी.कॉम. करू, मग बीसीए करू" असा बेत असेल तर बीसीएची फी खिशातून जाईल. दोन पदव्या सोबत करत असाल तरी शिष्यवृत्ती एकाच अभ्यासक्रमाची धरून चला. त्यामुळे साधा हिशेब असा की ज्या अभ्यासक्रमाची फी जास्त, त्यासाठी शिष्यवृत्ती ठेवा आणि दुसरा दूरस्थ, कमी फीचा घ्या. बी.कॉम. झालेच असेल तर दुसरी पदवी घेण्यापेक्षा एमसीए, एम.कॉम. किंवा एमबीए अशा पुढच्या टप्प्याची पात्रता तपासा. तिथे शिष्यवृत्तीचा मार्ग पुन्हा खुला होतो.

आणखी दोन गोष्टी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती लागू होत नाही. आणि परदेशात जाऊन एकत्रित पदवी करण्याचे स्वप्न असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाही. म्हणजे पदवी इथे चांगल्या गुणांनी करायची आणि पुढचे पाऊल परदेशात टाकायचे, हा क्रम आपल्याला परवडणारा आहे.

कागद आधी, फॉर्म नंतर

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि ते मिळायला वेळ लागतो. बारावीच्या वर्षीच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करा. अनेक घरांत मूळ पुरावा गावच्या शाळेत किंवा आजोबांच्या दाखल्यात असतो आणि गाव कोकणात, मराठवाड्यात किंवा विदर्भात असते. तो दिवाळीच्या सुट्टीत आणा, जूनमध्ये धावपळ करू नका. दाखल्यावरच्या नावाचे स्पेलिंग आणि आधारवरचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही तपासा. माहिती प्रणालीचा पहिला धडा हाच आहे. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर पैसे अडकतात.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

मायनर म्हणून कॉम्प्युटरचा विषय तिन्ही वर्षे प्रत्यक्ष शिकवता का? प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास मिळतात? डेटाबेस शिकवता की फक्त ऑफिसचे प्रोग्रॅम? प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला मुलांना कुठे पाठवता? शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशावेळी किती रक्कम घेता? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच नको. तो मुलाने विचारू नये, पालकांनी विचारावा. आणि जे ऐकाल ते लिहून घ्या.

कॉलेज जे शिकवणार नाही ते स्वयम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर शिकता येते. शिकणे मोफत आहे, परीक्षेची फी वेगळी. विद्यापीठ मान्य करत असेल तर त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात.

कॉमर्स आपल्यासाठी नाही?

आपल्या अनेक घरांत अजूनही सरकारी नोकरी नाहीतर इंजिनीअरिंग, एवढेच दोन रस्ते मोजले जातात. कॉमर्स म्हणजे दुकानदारांच्या मुलांचे शिक्षण असे मानतात. पण बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्याच महाविद्यालयात, प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्याच संस्थेचे सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय १९५३ मध्ये मुंबईत सुरू झाले. पैशाचा हिशेब कोणाच्या हातात आहे हा प्रश्न त्यांनी कधी दुय्यम मानला नाही. आज तो हिशेब संगणकात गेला आहे. तिथे आपली मुले नुसती नोंदी करणारी असावीत की ती व्यवस्था समजणारी, हे पुढच्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासाने ठरेल.

त्या मुलीसोबत आम्ही वही घेऊन बसलो. बी.एस्सी. आयटी गणितामुळे बाद. सीईटीचा फॉर्म भरला नव्हता. उरले बी.कॉम., कॉम्प्युटर मायनरसह, वसईतच, म्हणजे रोजचे लोकलचे दोन-तीन तास वाचणार. शिष्यवृत्ती त्यालाच ठेवायची, सोबत स्वयमवर डेटाबेसचा अभ्यासक्रम, आणि तिसऱ्या वर्षी एमसीएची पात्रता पाहायची, त्यासाठी गणिताची उणीव कशी भरायची हे आत्ताच विचारून ठेवायचे. वडिलांनी विचारले, "म्हणजे दोन्ही होईल ना?" होईल. पण आधी कॉलेजात जाऊन वरचे पाच प्रश्न विचारून या, असे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दोघेही वही घेऊन निघाले.